पवळाबाईची हाक

आता कुरणवाडीहून पिंपळटेकला जायला नदीवर पूल झाला आहे आणि दिवसातून दोनदा एसटीही जाते. पण पूल नव्हता, सडक नव्हती, आणि पलीकडे जायचं तर लुगडं खोचून पाण्यात उतरावं लागे, अशा फार जुन्या काळी या वाडीत पवळाबाई नावाची एक विधवा राहत होती. तिचं आडनाव कोणी अमोलिक सांगतं, कोणी भांबळ सांगतं. पवळाबाई या नावाबद्दल मात्र वाद नाही.

वाडी वीस-बावीस उंबऱ्यांची. दोर वळणं हा सगळ्यांचा धंदा. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं डोहात कुजत घालायची, दगडावर ठेचून त्यांचा धागा, म्हणजे वाख, काढायचा आणि तो मांडीवर वळत बसायचं. पवळाबाईच्या हातचा दोर विहिरीवर बापाने लावावा आणि लेकाने काढावा, इतका टिकायचा असं म्हणतात.

वाडीने दोन पिढ्यांमागे बाप्तिस्मा घेतला होता. मधोमध मातीच्या भिंतींचं, कौलारू प्रार्थनामंदिर होतं आणि त्यात एका पत्र्याच्या पेटीत पवित्र शास्त्र होतं. सबंध वाडीत ते एकच. ते वाचणारा माणूसही एकच, वाडीचे मास्तर. एका साली तापाची साथ आली आणि मास्तर गेले. दुसरे मास्तर येणार, येणार असं सगळे म्हणत राहिले, पण कोणी आलं नाही. मग रविवारी पुरुष भजनं म्हणत, प्रार्थना करत आणि घरी जात. पेटी उघडायचं कारणच उरलं नाही.

बायका मात्र उघडत. दर गुरुवारी दुपारची भांडी झाली की बायकांची सभा भरे. त्या पेटीतून शास्त्र काढत, कसर लागू नये म्हणून पानांत कडुनिंबाचा पाला घालत, उन्हाची तिरीप येई तिथे ते उघडं ठेवत आणि भोवती बसून राहत. कोणी पानावरून हात फिरवी. कोणी नुसतं बघे. मग ते पुन्हा फडक्यात बांधून ठेवत.

पवळाबाईची सासू राहेलबाई शेवटच्या दुखण्यात पडली, तेव्हा तिने शास्त्र मागितलं. बायकांनी ते आणून तिच्या उशाशी ठेवलं. म्हातारीने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे मला माहीत आहे गं. आतलं काहीतरी सांगा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तर सांगायचे त्यातलं थोडंथोडं प्रत्येकीला आठवत होतं, पण धड शेवटपर्यंत कोणालाच येईना. म्हातारी वाट बघत राहिली आणि वाट बघतच गेली.

त्या दिवशी पवळाबाई रडली नाही. पुढच्या रविवारी तिने भाकरी बांधून घेतली आणि ती एकटी पिंपळटेकची वाट चालू लागली. पिंपळटेक तीन कोस. तिथे मोठं मंदिर होतं, तिथले उपदेशक होते आणि त्यांची बायको दीनाबाई वाचायला शिकलेली होती. उपासना सुटल्यावर पवळाबाई त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली आणि काय हवं ते तिने सांगितलं. दीनाबाईंनी तिला अक्षरं शिकवायला घेतली, पण चुलीच्या धुराने आणि वाखाच्या कुसांनी पवळाबाईला जवळचं बारीक दिसेनासं झालं होतं. अक्षरं तिला एकमेकांत शिरलेली दिसत. तेव्हा ती म्हणाली, "बाई, राहू द्या. तुम्ही वाचा, मी घेऊन जाते."

दीनाबाईंनी एक वचन तीनदा वाचलं. पवळाबाईने ते तीनदा म्हटलं आणि उठली.

वाटेत मात्र पंचाईत झाली. ओळखीचा कोणी भेटे, राम राम होई, पीकपाण्याचं बोलणं निघे आणि बोलता बोलता वचनातला एखादा शब्द निसटे. दोनदा ती अर्ध्या वाटेवरून परत गेली. तिसऱ्या खेपेला तिने ठरवलं की पिंपळटेकचा उंबरा सोडल्यापासून वाडीत पाऊल टाकेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग तिने तसंच केलं. ओंजळीत पाणी घेऊन चालावं तशी ती वचन घेऊन चाले. कोणी हाक मारली तरी बोलत नसे. त्या वाटेवरचे लोक तिला मुकी म्हणू लागले. तिने जिभेखाली खडा धरलेला असे असं म्हणतात. ती चालली की दोन्ही बाजूंच्या बाभळींवरचे होले घुमायचे थांबत, असंही म्हणतात.

आणलेलं वचन ती गुरुवारी सभेत सांगे. एक वचन एकीला. ज्या बाईला ते मिळे, तिने ते सगळ्यांसाठी सांभाळायचं. दोर वळता वळता ती ते घोकत राही, पेडाला पीळ आणि पिळाला शब्द. मिठाचं वचन एकीकडे, दिव्याचं दुसरीकडे, हरवलेल्या मेंढराचं तिसरीकडे. कोणी माहेरी निघाली तर आपलं वचन शेजारणीला देऊन जाई. घरात भांडण झालं, कोणाचं मूल दगावलं, की बायका कोणाकडे काय आहे ते आठवत आणि तिला बोलावून आणत. अशी नऊ वर्षं गेली.

पवळाबाईची एक जिवाभावाची मैत्रीण होती. तिचं नाव अलीशिबा, पण वाडी तिला शिबू म्हणे. दोघी एकाच साली या वाडीत नांदायला आल्या होत्या आणि वाख ठेचायचा दगडही दोघींत एकच होता. नवव्या साली शिबूने अंथरूण धरलं. चार महिने ती उठली नाही. कूस बदलायलाही तिला दुसऱ्याचा हात लागे. एका शनिवारी तिने पवळाबाईला जवळ बसवलं.

"पवळे, उद्या जाशील तेव्हा माझ्यासाठी काहीतरी आण," ती म्हणाली. "वाटणीतलं नको. माझं एकटीचं."

पवळाबाईने हो म्हटलं.

दीनाबाईंना तिने सगळं सांगितलं. दीनाबाई बराच वेळ पानं चाळत राहिल्या. मग एका जागी थांबल्या आणि त्यांनी तीनदा वाचलं. पवळाबाईला ते इतकं आवडलं की तिने चौथ्यांदा वाचायला लावलं. मग ती ओठ मिटून निघाली.

दिवस भादव्याचे होते. वर आभाळ निवळ होतं, पण लांब डोंगरात पाऊस कोसळला असावा. पवळाबाई नदीवर आली तेव्हा पाण्याला तांबूस रंग चढू लागला होता. नदी तिच्या रोजच्या ओळखीची. त्या रंगाचा अर्थ तिला कळला. काठावर एक तरणी धनगरीण उभी होती, पाठीला तान्हं मूल बांधलेली. तिचं नाव धुरपा.

"मावशी, पाणी उतरण्यासारखं आहे का?" धुरपाने विचारलं.

पवळाबाईने तिच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. पण तोंडात शिबूचं वचन होतं आणि शिबू वाट बघत होती. पवळाबाईने मान खाली घातली, लुगडं खोचलं आणि ती भराभरा पाण्यातून पलीकडे गेली. म्हातारी बाई गेली, मग आपल्याला काय भीती, असं धुरपाला वाटलं. तिने मुलाची झोळी घट्ट केली आणि तीही पाण्यात उतरली.

पवळाबाई काठ चढून शंभर पावलं गेली असेल, तोच मागून पाण्याचा घोष आला आणि त्याच्या वर तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं. तिने वळून पाहिलं. नदीच्या मधोमध एका खडकावर धुरपा उभी होती. मूल तिने डोक्याशी धरलं होतं आणि पाणी तिच्या घोट्याला लागलं होतं.

एकट्या म्हातारीने काय करावं? जवळ दोर नव्हता. वाडी तिथून पाऊण कोस. तिथून माणूस बोलवायचं तर हाक मारायला हवी होती, आणि तोंड उघडलं की वचन जाणार होतं. पवळाबाई उभी राहिली. किती वेळ उभी राहिली? लोक म्हणतात, पापणी लवेल इतका. ती स्वतः म्हणे, फार वेळ.

मग तिने तोंड उघडलं आणि हाक मारली.

नऊ वर्षं त्या वाटेवर ती जे जे बोलली नव्हती, ते सगळं त्या एका हाकेत बाहेर आलं असं म्हणतात. होले बाभळी सोडून उडाले. गुरं चरायची थांबली. वाडीत त्या वेळी बायका अंगणात वाख पिंजत होत्या. त्यांना ती हाक ऐकू गेली, आणि प्रत्येकीला त्यात आपलंच नाव ऐकू आलं. मार्थेला मार्था, सगुणेला सगुणा. कोणी कोणाला काही विचारलं नाही. हाताला येतील ते दोर उचलून अकरा बायका नदीकडे धावत सुटल्या.

त्या पोचल्या तेव्हा पाणी धुरपाच्या कमरेला लागलं होतं. बायकांनी दोराला दोर जोडला. एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसरं पवळाबाईने स्वतःच्या कमरेला. तिला सगळ्यांनी अडवलं. तिने ऐकलं नाही. अकरा जणींनी दोर धरला आणि ती त्या तांबड्या पाण्यात शिरली. पहिल्या खेपेला तिने मूल आणलं. दुसऱ्या खेपेला आई आणली. तेवढा वेळ नदीने श्वास धरून ठेवला होता असं म्हणतात, कारण धुरपाचं पाऊल काठाला लागलं आणि मागे तो खडक दिसेनासा झाला.

बायकांनी मुलाला पुसून पदरात घेतलं. पवळाबाई मात्र बाजूला बसली आणि ओठ हलवू लागली. एकही शब्द येईना. सुरुवात गेली होती, शेवट गेला होता, मधलंही काही उरलं नव्हतं.

दिवेलागणीला ती वाडीत आली. शिबूच्या घरापाशी पोचली. बघते तर शिबू उंबऱ्यावर बसलेली. चार महिने न उठलेली बाई भिंत धरून, सरपटत उंबऱ्यापर्यंत आली होती.

"शिबे, मी तुझं वचन सांडलं," पवळाबाई म्हणाली. आणि सासू गेली तेव्हा जी रडली नव्हती, ती आता मैत्रिणीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. काठावर एका पोरीने पाणी उतरण्यासारखं आहे का असं विचारलं होतं आणि आपण बोललो नाही, हेही तिने सांगितलं. काही लपवलं नाही.

शिबूने तिचे ओले केस सोडवले आणि पदराने टिपले.

"मला तुझी हाक आली," ती म्हणाली. "माझं नाव घेतलंस तू. मला वाटत होतं, आता कोणी मला बोलावणार नाही. म्हणून उठले. तेवढं मला पुरे आहे, पवळे."

आठ दिवसांनी शिबू गेली. तिचा चेहरा कोणीतरी नुकतंच बोलावल्यासारखा होता, असं तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांनी सांगितलं.

मधल्या गुरुवारी सभा भरली तेव्हा बायकांनी आपापली वचनं म्हटली. पवळाबाईची पाळी आली. तिच्याजवळ काही नव्हतं. ती गप्प बसली. तिच्यासाठी सगळ्या गप्प बसल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्या पोरीला मी अजून उत्तर दिलेलं नाही." मग ती उठली. बायकाही उठल्या. धनगरांचा मुक्काम टेकाडाखाली होता. तिथे धुरपाचं मूल तापाने फणफणलं होतं. चार दिवस बायका पाळीपाळीने त्याला मांडीवर घेऊन बसल्या, आणि ताप उतरला.

शिबू गेल्यानंतरच्या रविवारी सगळं ऐकून दीनाबाईंनी विचारलं, "मागचं वचन पुन्हा सांगू का, पवळाबाई?" पवळाबाई नको म्हणाली. ते कोणतं होतं, हे दीनाबाईंनी नंतर कोणालाच सांगितलं नाही. कोणी एक सांगतं, कोणी दुसरं. खरं कोणालाच माहीत नाही.

त्यानंतरही पवळाबाई पुष्कळ वर्षं पिंपळटेकला जात राहिली. पण आता ती वाटेवर सगळ्यांशी बोले. गुराख्याला पावसाचं विचारी, माहेरवाशिणीचं बोचकं डोक्यावर घेई, धनगरांच्या तळावर थांबून धुरपाच्या हातचं ताक पिई. आणि इतकं बोलूनही त्यानंतर तिच्या तोंडातून वचनाचा एक शब्द सांडला नाही, असं म्हणतात.

आज कुरणवाडीत प्रत्येक घरात शास्त्र आहे आणि पोरीबाळी ते फोनवरही वाचतात. तरी गुरुवारच्या सभेत बायका पुस्तकं मिटून मांडीवर ठेवतात आणि आपापलं वचन तोंडाने म्हणतात. नवी सून आली की सासू तिला साडीच्या आधी वचन देते. सगळ्यांचं म्हणून झालं की एक जागा मोकळी सोडतात. तिला पवळाबाईची जागा म्हणतात. त्या वेळात कोणी खोकतसुद्धा नाही. मग सगळ्यांत वयाने मोठी असेल ती बाई विचारते, "कोणाला उत्तर द्यायचं राहिलं आहे का?"

कोणीतरी एखादं नाव सांगतं. कधी आजारी बाईचं, कधी रागावून बोलणं सोडलेल्या जावेचं, कधी पलीकडच्या वस्तीवर नव्याने राहायला आलेल्या, अजून कोणी न विचारलेल्या घराचं. मग बायका चपला घालतात आणि त्या घराकडे चालू लागतात.