न सोडलेली बाहुली

"…बाहुली नदीत सोडूनही पोर गेली. मग खोटं कोण, माई? बाहुली की नदी?"

क्यूबेईचा आवाज चढला होता. क्योतोतला नावाजलेला बाहुलीकार तो. त्याच्या बाहुल्या सरदारांच्या घरी लाल कापडाच्या पायऱ्यांवर मांडल्या जात, आणि त्याला ते ठाऊक होतं. वृद्ध भिक्षुणी जाकुएनशी असं कुणी बोलत नसे. पण त्याची एकुलती लेक जाऊन वर्ष झालं होतं. रीतभात सांभाळायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

जाकुएननं खाली नदीकडे पाहिलं.

मठाखाली, नदीच्या काठावर, गावातल्या बाया कागदी बाहुल्या पाण्यात सोडत होत्या. वसंतातला सण होता तो. बाहुली पोराच्या अंगावरून फिरवायची, पोरानं तिच्यावर फुंकर घालायची, आणि मग तिला वाहत्या पाण्यात सोडायचं. पोराची इडापिडा ती घेऊन जाते, असं तिथली माणसं पिढ्यानपिढ्या मानत आली होती. आभाळ भरून आलं होतं. बाहुल्या वळणापर्यंत दिसत, मग दिसेनाशा होत.

"गेल्या साली तू नदीला काय दिलंस?" जाकुएननं विचारलं.

"कागदाचीच बाहुली. बाजारातून आणलेली."

"आणि ही?"

क्यूबेईनं मांडीवरच्या रेशमी कापडाची गाठ सोडली. आत एक बाहुली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून दारातून जाणारी एक बाई थबकली.

"माझ्या पोरीला, ओइतोला, देवी आल्या तेव्हा ही घडवायला घेतली. नदीत सोडायलाच. पण पुरी झाली आणि… असं काम माझ्या हातून पुन्हा झालं नसतं, माई. सोडवेना."

त्यानं बाहुली जाकुएनपुढे धरली.

"आज सोडतो. मंत्र म्हणा."

जाकुएननं बाहुली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. कुठे डाग नाही, चुणी नाही.

"ओइतो हिच्याशी खेळली?"

क्यूबेई खाली पाहू लागला.

"मागायची… अंगभर फोड, हात चिकट झालेले. मी म्हटलं, बरी झालीस की देईन."

"मग ती खेळायची कशाशी?"



"भाताच्या पळीशी. चिंधी गुंडाळायची तिला. पाणी पाजायची. हिलाही देवी आल्यात, म्हणायची."

"ती पळी कुठाय?"

"अंथरुणाबरोबर जाळली."

जाकुएननं बाहुली परत त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही सोडता यायची नाही."

"का?"

"रिकामी आहे. कुणाची पीडा हिच्यात उतरलेलीच नाही."

"माई, माझी पोर गेली!" क्यूबेई ओरडला. "आता हिच्याशी खेळणार कोण?"

जाकुएननं त्याच्याकडे पाहिलं.

"मी?" तो म्हणाला.

तिनं मान डोलावली.

उभा जन्म बाहुल्या घडवण्यात गेला, पण बाहुली घ्यायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. आधी त्यानं ती मानेला धरली, कामावर धरायचा तशी. मग अवघडत हाताच्या खोबणीत घेतली. जरा हलवली. लाज वाटून थांबला. पुन्हा हलवली.

कारखान्यात काम करताना भिंतीपलीकडून पळीशी बोलणाऱ्या लेकीचा आवाज त्याच्या कानांवर पडत असे. तेव्हा त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता तेच शब्द त्याच्या तोंडून आले.

"निज, बाळ. उद्या बरं वाटेल."

त्याचा बांध फुटला. बाहुलीच्या चेहऱ्याला शिंपल्यांची पूड घोटून दिलेला पांढरा रंग पाणी सोसत नाही. आसवाचा थेंब पडला तिथे तिच्या गालावर खड्डा पडला, आणि रंग ओघळून रेशमावर उतरला.

सवयीनं त्याची बाही डाग टिपायला पुढे झाली.

जाकुएननं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. उतरतंय."