तांबट आळीतले पहिले पाणी

रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. शेवरे गावाची तांबट आळी. आळीच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर येऊन थांबला, तिघांनी यांत्रिक करवत उतरवली आणि पहिल्या चिंचेच्या बुंध्याला लावली. दहा वाजेपर्यंत चार चिंचा आडव्या झाल्या होत्या. परवाना चारचाच होता. कारणाच्या रकान्यात 'रहदारीस अडथळा' असे लिहिले आहे. या आळीतली रहदारी म्हणजे काही सायकली, भंगारवाल्याची हातगाडी आणि दुपारी परत येणाऱ्या शेळ्या.

पाचवी चिंच नदीकडच्या टोकाला उभी आहे.

मी सोमवारी पोहोचलो. एकतीस वर्षे या जिल्ह्यातल्या मोर्चांच्या आणि घेरावांच्या बातम्या लिहितो आहे. शिव्या ऐकायच्या तयारीने गेलो होतो. खरे तर त्या ऐकायच्याच होत्या. पण आळीत कुणी बोलत नव्हते. लोक दारात बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. ती भिंत एवढी उघडी त्यांनी जन्मात कधी पाहिली नसावी.

अकराच्या सुमारास, दुसरी चिंच जिथे होती त्यासमोरच्या घरातून, पस्तिशीची एक बाई नवी कोरी तांब्याची कळशी घेऊन बाहेर आली. नळावर कळशी भरली, सांध्यावरून बोट फिरवून कुठे पाझरते का ते बघितले, आणि सगळे पाणी कापलेल्या बुंध्यावर ओतले. ओला भुसा वाहत गटाराकडे गेला. हे काय, म्हणून मी विचारले.

"पहिलं पाणी," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचे मला तिच्या सासऱ्यांनी सांगितले. बाळूतात्या करडे, वय एक्याऐंशी. अजून रोज चार तास हातोडा चालवतात. कानांनी फार कमी ऐकू येते. त्यांनी मला आधी बसायला सांगितले नाही.

"तुम्ही पेपरवाले झाड पडल्यावर येता. उभं होतं तेव्हा सावलीलासुद्धा आला नाहीत."

मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी पायाने पाट सरकवला.

"ही पाण्याची काय पद्धत, तात्या?"

"पद्धत नाही. फेड आहे. ऐका. आणि मध्ये काही विचारू नका, मला ऐकू येत नाही."

ही गोष्ट घड्याळ येण्याच्या आधीची, असे सांगतात. त्याहून नेमका काळ तात्यांना ठाऊक नाही. आळी तेव्हा नवी होती, पण आळीहून जुन्या दोन चिंचा तिथे होत्या आणि त्यांच्यासाठीच तांबटांनी ही जागा धरली म्हणे. तांब्याला उजळा द्यायला चिंच लागते. पुरुष घरात ऐरणीवर बसत, बायका झाडाखाली भांडी घासत. घासता घासता त्या भांडत, सासवांच्या नकला करत, एखादीला माहेर आठवले की सगळ्या मिळून रडत. पुरुषांना हा वेळेचा नास वाटे.

एका वर्षी वरच्या गडावरून मागणी आली. दसऱ्याच्या आत चाळीस मोठ्या काहिली, म्हणजे पसरट कढया. तांबे आले, हात होते, कोळसा नव्हता. पाऊस लांबला होता आणि रानातले लाकूड भिजून गेले होते. चिंचेचा कोळसा सगळ्यांत कडक तापतो, हे तांबटाला सांगावे लागत नाही. आळीचा सगळ्यांत कसबी कारागीर रावजी. झाडे पाडायचा विचार त्याने काढला आणि पहिली कुऱ्हाडही त्यानेच घातली. त्याची बायको साळू एवढेच म्हणाली, "आम्ही बसायचं कुठं?"

"घरात बसा. घर काय बसायला नाही?"

काहिली वेळेत गेल्या. गडावरून रावजीला शेला आला. त्या शेल्याचे पुढे काय झाले ते कुणी सांगत नाही, आणि सांगू नये, असे तात्यांचे म्हणणे.

मग आळी बधिर होत गेली. एका दिवसात नव्हे. दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये पान उरले नव्हते. हातोड्यांचा आवाज अडवायला काही नाही, तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राही आणि काम थांबल्यावरही कानात चालू असे. बायका आपापल्या घरात राखेने भांडी घासू लागल्या. आधी हसणे गेले. मग भांडणेही गेली, तेव्हा पुरुषांना वाटले की आळी शहाणी झाली. त्या वर्षी होळीला सगळे जमले आणि बोंब मारायला कुणाचे तोंड उघडेना. लाकडे जळेपर्यंत लोक उभे राहिले आणि घरी गेले. घरात माणूस मेले तर चार खांदे मिळत. रडायला कुणी येत नसे, आणि घरचेही रडत नसत.

रावजी आणि साळूची मुलगी तानी, सहा वर्षांची, तापाने तीन दिवसांत गेली. साळू रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती भट्टीजवळ येऊन बसली आणि भाता चालवू लागली. रावजी म्हणाला, थांब. ती थांबली. तो म्हणाला, चालव. तिने चालवला.

वर्ष गेले. तिने स्वयंपाक केला, पाणी भरले, विचारले तेवढ्याला हो किंवा नाही म्हटले. रावजी शेजाऱ्याला म्हणाला होता म्हणे, "हिच्यापेक्षा भांडं बरं. ठोकलं तर बोलतं तरी."

हे सांगताना तात्या थांबले. त्यांची सून आतल्या खोलीत होती. काही आवाज येत नव्हता. त्यांना तो आला असता तरी ऐकू गेला नसता, पण ते थांबले आणि मग पुढे सांगू लागले.

एकदा बाजाराच्या दिवशी रावजी आणि साळू भांडी घेऊन शेजारच्या गावी निघाले. वाटेत एका शेताच्या बांधावर चिंच होती. ओझी उतरवून दोघे टेकली. साळूने वर बघितले. "तानीला हा कोवळा पाला फार आवडायचा ना?" वर्षभरात तिने आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. रावजी हो म्हणाला. तिचे डोळे भरल्यासारखे त्याला वाटले. मग बाजाराची वेळ झाली, दोघे उठली. परतून आळीत पाऊल टाकले आणि साळू पुन्हा होती तशी झाली.

आपण काय तोडले हे रावजीला तेव्हा कळले, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याने पंचांसमोर भट्टीवर पाणी ओतले. नव्या चिंचा लावीन, आणि तिसऱ्या प्रहरी चिंचेची सावली माझ्या उंबऱ्याला लागेपर्यंत भट्टी पेटवणार नाही, असा नेम धरला.

पंच हसले नाहीत, कारण आळीत कुणी हसत नव्हते. एक जण म्हणाला, "रावजी, चिंच लावणाऱ्याला तिची सावली मिळत नाही. म्हातारा होशील."

"मग म्हातारा होऊन पेटवीन."

त्याने पाच रोपे लावली. दोन शेळ्यांनी खाल्ली, ती पुन्हा लावली. पोटासाठी तो थंड कामे करू लागला, म्हणजे पोचे काढणे, भांड्यांना कान बसवणे, ज्यांना विस्तव लागत नाही अशी. ज्याच्या काहिली गडावर गेल्या तो बाजारात बसून लोकांच्या तपेल्यांचे पोचे काढी. पण खरी अडचण पाण्याची होती. नदी उन्हाळ्यात आटे. आळीत एक आड होता आणि त्याचे पाणी मोजके. झाडाला पाणी मागितले तर लोक नाही म्हणत नसत, नुसते बघत राहत. त्यापेक्षा नाही बरे.

तेव्हा रावजीला तांबटाची एक साधी गोष्ट सुचली. घडवलेले भांडे विकण्याआधी पाण्याने काठोकाठ भरून ठेवतात, सांधा पाझरतो की नाही ते बघायला. बघून झाले की ते पाणी गटारात. रावजी दारोदार गेला. "तुमच्या प्यायचं मागत नाही. भांड्याचं पहिलं पाणी फेकता, ते मला द्या." त्याला कुणी नकार दिला नाही, कारण नकार देण्याइतकेही कुणाचे मन जागे नव्हते. रोज हातोड्यांचा आवाज थांबला की तो घागर घेऊन उभा राही. दोन-तीन वर्षांनी काही घरांतून बायका स्वतःच पाणी आणून ओतू लागल्या. ओततात आणि क्षणभर थांबतात, मग क्षणभराहून जास्त थांबतात, हे रावजीने पाहिले. साळू मात्र बाहेर आली नाही.

नवव्या वर्षी सावली उंबऱ्याला लागली. रावजीने पंचांना बोलावले. पंचांनी सूर्याकडे बघितले आणि सांगितले, ही संध्याकाळची सावली आहे, संध्याकाळी गवताचीही सावली घराला लागते, नेम तिसऱ्या प्रहराचा आहे. रावजी चिडला. पंचही चिडले. शब्दाला शब्द लागला, एकाने दुसऱ्याचा बाप काढला, आणि मग सगळे एकदम गप्प झाले. नऊ-दहा वर्षांत आळीत झालेले ते पहिले भांडण होते. तात्या हे सांगताना जरासे हसले, आणि लगेच थांबले.

आणखी तीन वर्षे गेली. बाराव्या वर्षी, चैत्रात, तिसऱ्या प्रहरी सावली उंबऱ्याला लागली. पंचांनी काठी लावून पाहिली. रावजीने कोळसे रचले. तेवढ्यात साळू कळशी घेऊन घरातून बाहेर आली, पाणी ओतले आणि झाडाखाली बसली. मग ती रडू लागली. तानीचे नाव घेऊन, मोठ्याने. आळीतले हातोडे एकेक करत थांबले. बायका बाहेर आल्या आणि आपापले राहिलेले रडू लागल्या, कुणी आईचे, कुणी भावाचे. दिवेलागणीपर्यंत हे चालले. त्या दिवशी, उजेड असतानाच, पाचही चिंचांनी पाने मिटून घेतली आणि रडणे थांबेपर्यंत मिटूनच ठेवली म्हणे. रावजीने त्या दिवशी भट्टी पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी पेटवली. भाता साळूनेच चालवला, आणि धूर डोळ्यात जातो म्हणून त्याला शिव्या दिल्या.

तेव्हापासून आळीत दोन गोष्टी चालत आल्या. नव्या भांड्याचे पहिले पाणी चिंचेला. आणि ज्याला रडायचे असेल त्याने झाडाखाली जाऊन बसायचे. तिथे बसलेल्याला कुणी हाक मारायची नाही, का बसलास म्हणून विचारायचे नाही.

तात्यांनी गोष्ट संपवली आणि आतल्या दाराकडे बोट केले. "ही शैला. गेल्या श्रावणात माझा मुलगा गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. ही रोज दुपारी दारातल्या चिंचेखाली बसायची. कधी रडायची, कधी नुसती बसायची. आम्ही कुणी हाक मारली नाही. फाल्गुनापासून धड जेवायला लागली होती."

"आणि आता?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघून प्रश्न ओळखला. "काल झाड पडताना दारात उभी होती. दुपारी बसली नाही. पाणी ओतते, आत जाते. हो म्हणते, नाही म्हणते. अर्धं रडणं राहिलंय तिचं."

"पाचवी आहे ना, नदीकडची?"

"आहे. त्या चिंचेखाली आमच्या घरचं कुणी कधी बसलं नाही. पण जाईल. चार दिवस द्या तिला."

आजही तांबट आळीत नवे भांडे, मग ते तांब्याचे असो की कुकर, त्याचे पहिले पाणी चिंचेलाच जाते. सात घरांत हातोडा चालतो, त्यांपैकी पाच घरे आता नदीकडच्या झाडापर्यंत चालत जातात. दोन घरे जात नाहीत. ती आपल्या दारातल्या बुंध्यावरच ओततात.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मी पुन्हा गेलो. शैलाताई घरातून निघाल्या, भिंतीच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेल्या आणि पाचव्या चिंचेला पाठ लावून बसल्या. आळीने त्यांच्याकडे पाहिले नाही. रीत तशी आहे. मीही लांब राहिलो. पाऊण तासाने त्या उठल्या. त्यांच्या पाठीवर, साडीला आणि ब्लाउजला, तांबडा रंग लागला होता. बुंध्यावर त्याच रंगात पाचचा आकडा होता, त्यांच्या पाठीने अर्धा पुसलेला. मी बोट लावले. रंग अजून ओला होता.

त्यांनी पदर पुढे घेऊन बघितला. "उद्या येऊ का इथं बसायला?" त्यांनी मला विचारले. मला ठाऊक नव्हते आणि मी तसे सांगितले.

मी आळीत विचारत गेलो. अडीचला एक माणूस आला होता, हातात डबा आणि ब्रश होता, असे चार घरांनी सांगितले. त्याला कुणी काही विचारले का? नाही. दिसायला कसा होता?

"माणसासारखा," एक जण म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागला.

पालिकेने मला लेखी दिले आहे की पाचव्या झाडासाठी अर्ज नाही, परवाना नाही आणि गुरुवारी त्यांचा एकही कर्मचारी त्या आळीत गेला नव्हता. कंत्राटदार म्हणतो, त्याचे काम चार झाडांचे होते आणि ते रविवारी दहा वाजता संपले. गुरुवारी, दुपारी अडीच वाजता, उजेडात, भरल्या आळीत आकडा घालून गेलेला तो माणूस कुणी पाठवला होता, हे अजून कुणी सांगितलेले नाही.