पुसलेला माणूस

"पुसलेलं परत आणता येतं का, मास्तर?"

याकूब मास्तर अंगणात चटईवर आमसुलं पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय पुसलंस?"

"एक माणूस."

मास्तरांचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

"आत चल," ते म्हणाले.

याकूब मास्तरांनी तीस वर्षं शहरातल्या एका स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल चालवली होती. कुणाच्या गालावरचे देवीचे व्रण, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. ते अशा हलक्या हाताने मिटवत, की फोटोतल्या माणसालाही कळू नये. साठीला आल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. आता खाडीच्या वरच्या अंगाला, चढावरच्या शेवटच्या घरात एकटे राहत. शिकायची गरज ज्याला असेल तो चढून येई. बोलवायला ते कुणाकडे जात नसत.

अभिराम याआधी एकदा चढून आला होता.

बँकेतल्या बदलीने तो या गावात येऊन पडला, त्याला आठ महिने झाले होते. काउंटरवर दिवसभर माणसं असत, पण ती काचेच्या पलीकडे. रविवारी तर खोलीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे. म्हणून त्याने कॅमेरा घेतला. रिकामा रस्ता, रिकामी वाळू, रिकामी होडी असे फोटो तो काढी. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकी. अनोळखी लोक वाहवा करत, आणि रात्रीचं जेवण जरा बरं जाई.

त्या पहिल्या वेळी मास्तरांनी त्याला शिकवलं ते एवढंच.

"मूळ फाईलला हात लावायचा नाही. प्रत काढायची, प्रतीवर काम करायचं. मग क्षितिज सरळ आहे का बघायचं. आज एवढं पुरे."

"हे मला येतं, मास्तर. पुढचं सांगा ना."

"पुढचं पुढच्या वेळी."

पुढची वेळ आलीच नाही. मोबाइलवर शेकडो व्हिडिओ होते. त्यांतून अभिराम पुढचं सगळं आपलं आपण शिकला. उजेड वाढवणं, काळोख गडद करणं, आकाशाचा रंग ओढून काढणं. आणि नको असलेली गोष्ट पुसून टाकणं. ते त्याला फार सफाईने जमू लागलं. विजेच्या तारा गेल्या, प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या, माणसं गेली.

मग त्याने जुन्या धक्क्याचा फोटो काढला.

खाडीवर पूल झाल्यापासून त्या धक्क्याला माणसं पलीकडे नेणारी होडी, तर, लागत नव्हती. दगडी पायऱ्या, उतरता उजेड, स्थिर पाणी. टोकाला एक म्हातारा उभा होता. अभिरामने घरी येऊन त्याला पुसलं, पायऱ्या गडद केल्या आणि फोटो त्याच नावाने सेव्ह केला. 'रिकामा धक्का' जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आला. प्रदर्शनात तो मोठा करून लावला होता. अभिराम दोन तास त्याच्या शेजारी उभा राहिला. लोक फोटोकडे बघत आणि पुढे जात.

दोन महिन्यांनी बँकेत एक बाई आली. वय पंचेचाळीसच्या आसपास, हाताची बोटं काजू फोडून फोडून त्याच्या तेलाने काळी पडलेली. काउंटरपाशी ती बराच वेळ नुसती उभी राहिली.

"तुम्हीच ना फोटो काढता?" तिने विचारलं. "मी शेवंती. दाजी ताऱ्यांची मुलगी. बाबा धक्क्यावरची तर चालवायचा, होडी."

अभिरामला काही आठवेना.

"धक्क्यावर तुम्ही बाबाचा फोटो काढलात. घरी येऊन सांगत होता, बँकेतल्या साहेबांनी माझा फोटो काढला. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी सकाळी उठलाच नाही." ती थांबली. "आमच्याकडे आधारकार्डावरचा आहे. पण तो काही माझा बाबा वाटत नाही."

अभिराम म्हणाला, "शोधून देतो."

आणि आज तो चढून आला होता.

मास्तरांनी कॉम्प्युटर चालू केला. अभिरामने पेन ड्राइव्ह पुढे केला.

"कॅमेऱ्याच्या कार्डात असेल मूळ फाईल?"

"कार्ड पुसून पुन्हा भरलं. तीन-चार वेळा."

"घरच्या कॉम्प्युटरवर?"

"मूळ फाईलवरच सेव्ह केलं..."

'मी सांगितलं होतं,' असं मास्तर म्हणाले नाहीत. अभिरामला वाटलं, म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पडद्यावर धक्का उघडला. सुंदर होता. त्यात कुणी नव्हतं.

"कुठे उभा होता?"

अभिरामने बोट ठेवलं. तिथे आता पाणी होतं, शेजारच्या पाण्यावरून उचलून बसवलेलं.

मास्तर खुर्चीतून उठले. "बस. काळोख थोडा उचल."

"किती?"

"बघत बघत. घाई करू नकोस."

अभिरामने काळ्या भागाचा उजेड वाढवायला सुरुवात केली. पायऱ्या काळ्याच्या करड्या झाल्या. फोटोवर वाळूसारखे दाणे उठले. दगडांमधल्या फटी दिसू लागल्या, मग शेवाळ...

"अजून."

"फोटो खराब होतोय, मास्तर."

"होऊ दे."

आणि पायऱ्यांवर, वरच्या पायरीपासून चौथीपर्यंत, वाकडीतिकडी मोडत गेलेली एक आकृती हळूहळू वर आली. लांबट पाय. किंचित वाकलेली पाठ. एक हात कोपरात मुडपून डोक्याशी नेलेला.

माणूस पुसताना अभिरामने त्याच्या सावलीकडे बघितलं नव्हतं. ती काळ्या दगडावर पडली होती, दिसलीच नव्हती. मग त्याने स्वतःच तिच्यावर आणखी काळोख ओतला होता.

दोघं बघत राहिले. बाहेर अंगणात कोंबडी आमसुलांपाशी आली. मास्तरांनी तिला हाकललं नाही.

मग अभिराम एकदम सावरून बसला. "जमेल, मास्तर. आता असं सॉफ्टवेअर मिळतं, सांगाल तो माणूस बनवून देतं. सावलीवरून अंगकाठी कळतेच आहे. चेहरा आधारकार्डावरचा घेतो. तिला काही कळणारसुद्धा नाही."

मास्तर वाकले. त्यांनी अभिरामचा हात माऊसवरून उचलला आणि त्याच्याच मांडीवर ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

"तू त्या माणसाला बघितलं होतंस?"

"हो, म्हणजे... तिथे होता."

"डोक्याला काही होतं? टोपी? फडकं?"

अभिराम सावलीच्या डोक्यापाशी शोधू लागला.

"तुझ्याकडे बघत होता की पाण्याकडे?"

अभिरामला आकाश आठवत होतं. पाण्यावरची तांबूस रेघ आठवत होती. तो माणूस जिथे असायला हवा तिथे काहीच आठवत नव्हतं.

"मग बनवणार कुणाला?" मास्तर म्हणाले.

"तिला काय देऊ?"

"जे आहे ते."

"ही सावली? काय म्हणेल ती?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

अभिरामने तो दाणेदार, करडा, खराब झालेला फोटो छापून घेतला. शेवंतीचं घर खाडीच्या कडेला होतं. दारात उलटी घातलेली होडी. तो ओट्यावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. तुमच्या बाबांना मीच पुसलं. मला ते तिथे नको होते. चुकून नाही, मुद्दाम. आणि आता ते परत आणता येत नाहीत.

शेवंती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला की नाही, ते त्याला समजलं नाही. त्याने फोटो पुढे धरला, पायऱ्यांवर बोट ठेवलं.

"एवढेच राहिलेत."

तिने फोटो उजेडाकडे नेला.

"डोळ्यांवर हात धरलाय बहुतेक," अभिराम म्हणाला. "ऊन लागत असेल."

"नाही." तिने सावलीच्या कोपरावर बोट ठेवलं. "केस नीट करतोय. फोटो काढताहेत म्हणून."

अभिराम ओट्याची कडा घट्ट धरून बसून राहिला. शेवंतीने पदराने फोटोवरचा बोटाचा डाग पुसला, फोटो आत नेला, आणि थोड्या वेळाने त्याच्यापुढे कोऱ्या चहाचा पेला आणून ठेवला. तो संपेपर्यंत ती उंबऱ्यावर बसून होती.

आठ दिवसांनी अभिराम पुन्हा चढून गेला. यावेळी कॅमेरा, कार्ड, सगळं बरोबर होतं. मास्तर ओट्यावर खुर्चीत एकटेच बसले होते. समोर दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून तो पायरीवर बसला. जे झालं ते त्याने सांगितलं. केसांचंही.

मास्तर खाली खाडीकडे बघत होते.

"मला सुरुवातीपासून शिकायचंय," अभिराम म्हणाला. "तुम्ही सांगाल तिथून. क्षितिजापासून म्हणालात तर क्षितिजापासून."

"त्या धक्क्यावर आता संध्याकाळी कोण असतं?" मास्तरांनी विचारलं.

"कुणीच नसतं."

"तू जात जा."

अभिरामने कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर घेतला. मास्तरांनी हात पुढे केला आणि कॅमेरा आपल्याकडे घेतला. खुर्चीशेजारी, जमिनीवर ठेवला.

"मग तिथे जाऊन करू काय?"

"तो उभा होता तिथे उभा राहा. आणि कुणी फोटो काढायला आलं, तर बाजूला होऊ नकोस."