मागून येणाऱ्याची लाकडे

पूर्वी वेत्रवती नगरात एक शांत स्वभावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कांबळी विणणाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. हिमालयापलीकडचे निळे सरोवर पायी जाऊन पाहावे, ही त्याची लहानपणापासूनची इच्छा होती. पण माग कुणाला सुटी देतो? बहिणींची लग्ने झाली, घर मार्गी लागले, तेव्हा कुठे त्याने खांद्यावर घोंगडी टाकली आणि वसंतात निघालेल्या वाटसरूंच्या तांड्याबरोबर तो चालू लागला. वैशाखी पौर्णिमेला सरोवरावर पोचायचे, असे सर्वांनी ठरवले होते.

तांड्याच्या पुढे असे कीर्तिसेन, एका श्रेष्ठीचा, म्हणजे धनिक व्यापाऱ्याचा, मुलगा. बाकीच्यांनी धापा टाकत बसावे आणि याने पुढचे वळण पाहून परत यावे, असा तो चालणारा. मनाने वाईट नव्हता, उतावळा होता. सर्वांच्या मागे असे उत्पला, एक म्हातारी माळीण. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या देवांसाठी हार गुंफले होते. आता एक हार आपल्या हाताने पौर्णिमेला सरोवरात सोडायचा, असा तिचा नवस होता. सगळे तिला माई म्हणत.

वाटेतले दिवस सुखाचे गेले. बर्फ वितळून ओढे खळखळत होते, उतारांवर लाल फुले आली होती. ज्याच्या पायाला फोड येई, त्याला दुसरा कोणी तरी तेल लावून देई. सकाळी भांडलेले संध्याकाळी एकाच थाळीत जेवत. सोमिलाला वाटे, सरोवर थोडे दूर असते तरी चालले असते.

शेवटच्या खिंडीच्या पायथ्याशी दगडी धर्मशाळा होती. तिथे ना रखवालदार, ना दाराला कडी. तिचा नेम एकच होता. आत रचलेली कोरडी लाकडे खुशाल जाळावीत, आणि निघताना मागून येणाऱ्यासाठी तेवढीच ठेवून जावे. तांडा पौर्णिमेच्या आदल्या दिवसाच्या पहाटेपर्यंत तिथे राहिला. खिचडी शिजली, गाणी झाली, आणि लाकडांची भिंत पार संपली.

पहाटे कीर्तिसेनाने बर्फाच्या चिखलात पडलेल्या फांद्या गोळा केल्या आणि आत आणून टाकल्या.

"झाला नेम. आता निघा. ऊन चढले की बर्फ भुसभुशीत होतो."

सोमिलाने एक फांदी उचलली. तिच्यातून पाणी ठिबकत होते. "कीर्तिसेना, या नुसत्या पाट्या टाकल्यास. हे पेटायचे नाही."

"आज नाही तर महिन्याने पेटेल. वाळेलच की."

"आणि आजच कोणी आले तर?"

"कोण येणार? खालपर्यंत वाट दिसते आहे, चिटपाखरू नाही."

"मग तुम्ही व्हा पुढे. मी लाकडे भरून उद्या येतो."

"पौर्णिमा चुकेल तुझी."

सोमिलाला वाईट वाटले. खोटे कशाला सांगायचे, फार वाईट वाटले. पण तो थांबला. माई घुटमळली. "मी काय करू रे बाळा? माझा नवस आहे."

"तुम्ही जा माई. माझी घोंगडी तेवढी बरोबर न्या."

तांडा गेला. वसंतात जमिनीवरचे लाकूड भिजलेलेच असते; कोरडे लाकूड झाडावर असते, देवदाराच्या अगदी खालच्या, मेलेल्या फांद्यांत. सोमिल एकेका झाडावर चढला. कट्‌ असा आवाज करून मोडेल तीच फांदी त्याने घेतली. कीर्तिसेनाची ओली लाकडे त्याने बाहेर भिंतीला टेकवून उन्हात उभी केली. दुपार कलताना आतली भिंत पुन्हा भरली. त्याने थोडा जाळ केला, पेज ठेवली आणि गुणगुणत बसला.

तिकडे खिंडीवर आभाळ अचानक काळे झाले. आधी गारा, मग हिमवर्षाव. पुढची वाट दिसेना. तांडा माघारी फिरला. माईची शुद्ध हरपत चालली होती, ओठ निळे पडले होते. कीर्तिसेनाने तिला पाठीवर घेतले. उतरताना त्याला एकच गोष्ट खात होती. धर्मशाळा गाठली तरी पेटवायचे काय? सोमिल मागे राहिला खरा, पण या ओल्या बर्फात त्याला कोरडे लाकूड कुठून मिळणार? तिथे तर आपणच टाकलेली ओली लाकडे असतील, आणि या म्हातारीचा जीव आपल्या हातून जाईल.

मग वळणावरून त्याला छपरातून निघणारा धूर दिसला. त्याच्या जिवात जीव आला. चालता चालताच तो रडू लागला.

जाळ मोठा झाला. सोमिलाने माईचे हातपाय चोळले, तिला घोटघोट गरम पेज पाजली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "हार भिजला का रे?" सगळे हसले.

कीर्तिसेन जाळाशेजारी खाली मान घालून बसला होता. "सोमिला, मागे तर कोणीच नव्हते. तू कुणासाठी थांबलास?"

"मलाही ठाऊक नव्हते," सोमिल म्हणाला. "बघ ना, मागून येणारा तूच निघालास."

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळले. पौर्णिमा होती, पण कोणी घाई केली नाही. कीर्तिसेन कुठे दिसेना म्हणून पाहिले, तर तो देवदारावर चढून एकेक फांदी मोडून पाहत होता. लाकडांची भिंत भरल्यावरच तांडा निघाला. सरोवरावर पोचायला त्यांना एक दिवस उशीर झाला.

"पौर्णिमा गेली म्हणून काही सरोवर आटले नाही," माई म्हणाली आणि तिने सुकलेला हार पाण्यात सोडला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, चारिकेला, पायी भ्रमंतीला, निघालेल्या भिक्षूंना सांगितली. त्यांतल्या एकाने त्या सकाळी विहारातला रांजण रिकामा करून तसाच ठेवला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाची उत्पला म्हणजे रोज विहारात फुले आणणारी आपली वृद्ध उपासिका. कीर्तिसेन म्हणजे भिक्षू नंदक. आणि सोमिल म्हणजे मीच. घेणाऱ्याचा चेहरा माहीत नसताना जे दिले जाते, ते दान. ती दानपारमिता, दानाची पूर्णता."

नंदकाने घागर उचलली आणि तो नदीकडे गेला.