चिमाक्काच्या चांदण्या

ही गोष्ट पागेवाडीच्या घाटात डांबर पडायच्या कितीतरी आधीची. डांबराचं सोडाच, त्या घाटानं अजून गाडीचं चाकसुद्धा पाहिलं नव्हतं. घाटमाथ्यावरच्या गावांना मीठ जायचं ते आमच्या गावच्या तट्टांच्या पाठीवरून. पागेवाडीत तेव्हा माणसांपेक्षा तट्टं जास्त होती, असं म्हणतात.

खालच्या आळीत चिमाक्का कुंभारीण राहायची. आमच्या सासूबाईंच्या आजेसासूचं आणि तिचं घर भिंतीला भिंत लावून, म्हणून आमच्या घरात तिच्याबद्दल जरा जास्तच माहीत आहे. तिच्या चुलीवर कोणत्या वारी काय शिजायचं तेही सांगितलं असतं, पण ते राहू दे.

दसरा झाला की हंगामातली पहिली खेप घाट चढायची. त्याआधी प्रत्येक घरानं वाटजाई देवीच्या ओट्यावर मातीचा एक घोडा ठेवायचा, वीतभर उंचीचा, आणि रंगानं अगदी आपल्या जनावरासारखा. घाटात इतकी तट्टं. कोणतं कुणाचं हे देवीला कळणार कसं? तर समोरचा घोडा बघून. हे घोडे रंगवायची चिमाक्का.

काळा, तांबडा घोडा कुणीही रंगवील. खरं कसब राखी अंगावरच्या ठिपक्यांचं. त्या ठिपक्यांना आमच्याकडे चांदण्या म्हणतात. चिमाक्का आधी ते जनावर ओढ्यावर नेऊन भिजवायची, कारण ओल्या अंगावर चांदण्या नीट दिसतात. मग त्याच्याभोवती सावकाश फिरायची. मागच्या पुठ्ठ्यावर दाट, पोटाकडे विरळ, मधे पांढरी आणि कडेला धुरकट, अशी एकेक चांदणी ती डोळ्यांत साठवायची. घरी येऊन खारीच्या केसांच्या कुंचल्यानं चुन्याचं पाणी टेकवायची, आणि ते ओलं असतानाच त्यावर हळूच फुंकर घालायची. त्या फुंकरीनं कडा अशी विरायची की मातीवर केस उगवलेत असं वाटावं. तिच्या घोड्यांवर गोमाश्या बसायच्या. एकदा एक शिंगरू तिच्या अंगणात शिरलं आणि ओळीत सुकत ठेवलेल्या एका घोडीला ढुसण्या देऊन दूध मागू लागलं, असं म्हणतात.

तिचा नियम एकच होता. जनावराच्या अंगावर जे नाही ते काढायचं नाही. ती म्हणायची, "देवीपुढं खोटा घोडा ठेवला तर देवी त्या खोट्यालाच सांभाळत बसंल. खरा जाईल दरीत."

गावात बाजीबा शेलार म्हणून तट्टांचा मोठा मालक होता. त्याची मोगरी नावाची घोडी चांदण्यांची, आणि सगळ्या खेपेच्या पुढे चालायची ती तीच. एका वर्षी चिमाक्कानं सगळे घोडे रंगवले, पण मोगरीचा घोडा नुसता राखी ठेवला. बाजीबा ओट्यावर आला, बघतो तर काय!

"आक्का, डोळं गेलं का तुझं? माझ्या मोगरीच्या चांदण्या कुठं गेल्या?"

"ते मला काय इचारतोस? जा, तिला इचार."

"अगं, सगळ्या गावाला दिसतात!"

"गावाला गेल्या सालच्या दिसतात. सवयीनं बघता तुम्ही. चल ओढ्यावर."

घोडी भिजवली, आणि बघायला आलेली माणसं वाकून बघू लागली. चांदण्या नव्हत्याच. राखेवर पाणी सांडावं तसं मळकट अंग. चिमाक्कानं तिच्या मानेवर हात ठेवला.

"आतून खंगलीया बाजीबा ही. दाणा खाती, पण अंगी लागत न्हाई. हिला घाट चढवू नगंस."

पण मोगरी पुढे असल्याशिवाय बाकीची तट्टं घाटातल्या सुतकड्यावर पाऊल टाकायची नाहीत. माथ्यावरच्या गावांत मीठ संपलेलं. बाजीबाला राग आला, लाजही वाटली. त्यानं चुन्यात बोट बुडवलं आणि मातीच्या घोड्यावर आपणच ठिपके उठवले. घोड्याला कांजिण्या झाल्यासारखं दिसत होतं, असं आमच्या सासूबाई अजून हसून सांगतात. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

सकाळी खेप निघाली. बावीस तट्टं, सात माणसं. सुतकडा म्हणजे सुतासारखी वाट, एका अंगाला उभा कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. तिथं वळायला जागा नाही, बसायला जागा नाही. बिथरून एखादं मागं फिरू नये म्हणून प्रत्येक तट्टाचा दोर पुढच्याच्या शेपटीला बांधायचे. म्हणजे पुढची घोडी कोसळली तर बावीसही गेली, आणि दोर धरलेली माणसंही.

कड्यावर पोचताच मोगरीचे पाय थरथरू लागले.

इकडे चिमाक्का ओट्यावर आली होती. तिनं बाजीबाचे ठिपके पदरानं पुसून काढले. नुसता राखी घोडा मांडीवर घेऊन ती बराच वेळ वरच्या वाटेकडं बघत राहिली. मग तिनं कुंचला उचलला. जमलेल्या बायांनी तोंडावर हात धरले. जे नाही ते काढायला निघाली होती चिमाक्का!

"वाटजाई," ती म्हणाली, "खोटं माझं, जनावर तुझं." आणि तिनं पहिली चांदणी टेकवली.

वर मोगरीनं एक पाऊल टाकलं.

दुसरी चांदणी, दुसरं पाऊल. वरची माणसं काय बघत होती? घोडीच्या पुठ्ठ्यावर एक पांढरी चांदणी उमलली. मग तिच्या शेजारी दुसरी. जसं काही कुणी न दिसणारं माणूस सोबत चालत रंगवतंय. दोर धरलेल्या गड्यानं एकीला बोट लावलं, तर बोटाला ओला चुना! प्रत्येक चांदणीमागून गार फुंकर यायची आणि थरथरणारा पाय खाली टेकायचा. बाजीबा मागून सगळं बघत होता.

पण वीतभर घोडा, आणि कडा केवढा! चांदण्या मावणार किती? पुठ्ठा भरला, मान भरली, पोट भरलं. चिमाक्का बारीक बारीक काढू लागली. आधी मोहरीएवढ्या, मग खसखशीएवढ्या. शेवटी कुंचल्याचे केस झडले आणि एकच उरला. त्या एका केसानं ती काढत राहिली, फुंकर घालत राहिली. तिचे ओठ चुन्यासारखे पांढरे पडले, असं म्हणतात.

उन्हं कलायच्या आधी माथ्यावरून शिंग वाजलं. शेवटचं तट्टू कडा ओलांडून गेलं होतं. चिमाक्काच्या हातातून कुंचला गळला, आणि त्याच घटकेला वर मोगरी मोकळ्या गवतावर अलगद बसली.

घोडी मेली नाही. बाजीबा नऊ दिवस तिच्या उशाशी बसला आणि नंतर अनवाणी खाली उतरला तो थेट खालच्या आळीत.

"आक्का, माझ्यापायी खोटं काढलंस."

"काढलं."

"पर ते खरं झालं की गं!"

"मी न्हाई केलं खरं. देवीनं एक डाव माझी लाज राखली. हरसाल राखावी का तिनं?"

त्या दिवसानंतर चिमाक्कानं चांदणी काढली नाही. लोकांनी पाय धरले, तेव्हा एवढंच सांगून गेली की, "निघताना घोडा कोराच ठेवा. सुखरूप परत आलात की जनावर भिजवा, नीट बघा, आणि आपल्या हातानं काढा."

आता पागेवाडीत एकही तट्टू नाही. घाटातून टेम्पो जातात, एस्टी जाते. तरी गावातून कुणी लांब निघालं, शिकायला, फौजेत, बाळंतपणाला किंवा दवाखान्यात, की त्याच्या नावानं ओट्यावर एक कोरा राखी घोडा ठेवतात. आजारी माणूस असलं तर शेजारपाजारचे आधी त्याला उजेडात बसवून नीट बघून घेतात. त्याला आम्ही 'चिमाक्काचं बघणं' म्हणतो. माणूस परत आलं की घरी जायच्या आधी ओट्यावर जातं, आपल्या घोड्यावर आपल्या हातानं चांदणी टेकवतं आणि तिच्यावर फुंकर घालतं. माझ्या दोन्ही लेकींनी घातली आहे.

ओट्यावर काही घोडे अजून कोरे आहेत. एक तर इतका जुना की तो कुणाचा हे आता कुणालाच सांगता येत नाही. ते घोडे कुणी हलवत नाही. दर दसऱ्याला गावातल्या बाया ते पुसून स्वच्छ करतात, आणि प्रत्येकापुढं करवंटीत ताजं चुन्याचं पाणी भरून ठेवतात.