ताऱ्याचा मेदूवडा

एकदा एक शिक्षिका शाळेच्या गच्चीवर दुर्बिणीशी भांडत होती. तिचे नाव वृंदा. दुर्बीण संगणकाच्या आज्ञेने फिरणारी. आरंभी तिला ओळखीचे दोन तारे दाखवायचे, प्रत्येक तारा मध्यभागी आणून रिमोटवरचे 'ठीक' बटण दाबायचे, की त्या आधारावर ती उरलेले सारे आकाश आपले आपण शोधते, अशी तिची ख्याती. वृंदाची दुर्बीण मात्र दर वेळी भलतीकडेच पाही.

त्या संध्याकाळी वृंदाचे बालपणीचे शिक्षक, कुलथे गुरुजी, मुद्दाम आले होते. चौतीस वर्षे त्यांनी फळ्यावर ग्रहमाला काढली. त्यातला शेवटचा नेपच्यून तेवढा पाहायचा राहिला, कारण तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. मागच्या आठवड्यात ते अर्धा तास थंडीत उभे राहून तसेच परतले होते. उद्या सकाळच्या गाडीने ते दूर मुलाकडे कायमचे राहायला निघणार होते.

"हे यंत्रच खोटं आहे, आबा!" ती म्हणाली. आबा म्हणजे तिच्या शेजारी उभे असलेले, मोजणी खात्यातले निवृत्त भूमापक. आकाश पाहायला तिला त्यांनीच शिकवले होते.

"पुन्हा पहिल्यापासून कर. मी बघतो."

वृंदाने अभिजित तारा धरला आणि बाणांची बटणे दाबत तो मध्यावर आणला. आता 'ठीक' दाबणार, तोच आबांनी पुढे होऊन फोकसची चावी भराभर फिरवली. तो नेटका बिंदू फुगत गेला आणि मधोमध काळे भोक असलेला फिकट गोळा होऊन बसला.

"अहो आबा, हे काय केलंत! ताऱ्याचा पार मेदूवडा झाला!"

"झाला ना? मग आता सांग, ताटाच्या मधोमध आहे का?"

तिने पुन्हा डोळा लावला. वडा ताटाच्या, म्हणजे दुर्बिणीतून दिसणाऱ्या गोलाच्या, उजव्या कडेला टेकला होता आणि डावीकडे चांगली बोटभर जागा रिकामी होती. तिचा चेहरा पडला. गुरुजी खुर्चीवरून म्हणाले, "वड्याचं नाव काढू नका हो, भूक लागते."

आबा हसले. "बाळ, बारीक ठिपका जरा बाजूला असला तरी आपल्याला मधेच वाटतो. मोठा केला की कडा दिसतात, आणि कडांवरून मध्य कळतो. यंत्र खोटं नाही गं, भाबडं आहे. तू 'ठीक' म्हणालीस, त्यानं ऐकलं, आणि तुझ्या बोटभर चुकीवर सगळं आकाश मांडलं. मीही तरुणपणी मोजणीचा पहिला दगड घाईत रोवला होता. शेवटच्या शेताची हद्द थेट शेजाऱ्याच्या विहिरीत गेली. काय शिव्या खाल्ल्यात म्हणून सांगू!"

वृंदाने वडा नीट मध्यावर आणला, मगच 'ठीक' दाबले. ब्रह्महृदय ताऱ्याचेही तसेच केले. मग फोकस जागेवर आणून तिने नेपच्यून निवडला. मोटर घुरघुरली, थांबली. तिने आधी स्वतः पाहिले आणि गुरुजींचा हात धरून त्यांना दुर्बिणीपाशी आणले.

गुरुजी बराच वेळ वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, "निळा आहे की गं! मी फळ्यावर ह्याला लाल खडूनं काढायचो." आणि खो खो हसत सुटले. "चौतीस वर्षं! समजलं का विचारलं की पोरं एका सुरात 'हो गुरुजी' म्हणायची. मीही 'ठीक' म्हणून पुढच्या धड्याला!"

त्यांचे डोळे पाणावले होते, आणि आनंद तर चेहऱ्यावर मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वृंदाने वर्गात ग्रहमाला शिकवली आणि विचारले, "समजलं का?"

"हो बाई!" सारा वर्ग ओरडला.

बाईंनी खडू पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हाती दिला आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसल्या. "छान. आता तू मला शिकव."