झोपलेल्या मुलाचा श्वास

एकदा एका वृद्ध डॉक्टरांकडे एक कापडव्यापारी आपल्या मुलीला, इराला, घेऊन आला. हवा बदलली की तिचा घसा सुजे, ताप चढे, शाळा बुडे.

"टॉन्सिल एकदाचे काढूनच टाका," तो म्हणाला. "सारखी कटकट नको."

डॉक्टरांनी इराला तपासले, तिच्याशी गप्पा मारल्या. "थोडं थांबू. मात्र ताप आला की दरवेळी मला दाखवायला आणा."

व्यापारी नाराज झाला, पण येत राहिला. वर्षभरात तिचे दुखणे विरळ होत गेले. डॉक्टरांच्या हाताखाली शिकणारी एक तरुण डॉक्टर हे सारे पाहत होती. टॉन्सिल काढू नयेत, थांबावे, हे तिने मनाशी पक्के केले.

पुढे एक आई आपल्या मुलाला, हर्षलला, घेऊन आली. त्याचा घसा क्वचितच दुखे. पण तो वर्गात पेंगतो, चिडचिड करतो, अशी तक्रार होती.

"काळजी करू नका," शिष्या म्हणाली. "मोठा झाला की बरं होईल."

बाहेर रुग्ण खोळंबलेले असताना डॉक्टरांनी पेंगुळलेल्या हर्षलला आतल्या खाटेवर निजवले आणि स्वतः उशाशी बसून राहिले. शिष्येला याचा अर्थ कळेना.

मूल घोरू लागले. मग घोरणे अचानक थांबले. छाती धडपडत होती, श्वास मात्र येत नव्हता. आईने घाबरून हात पुढे केला, तोच हर्षल दचकला आणि मोठा श्वास ओढून कुशीवर वळला.

"घरीही असं होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"होतं," आई हळूच म्हणाली. "ह्याचे बाबाही घोरतात, म्हणून मला काही वाटलं नाही."

"वाढलेले टॉन्सिल झोपेत ह्याचा श्वास अडवत असावेत, म्हणून हा दिवसा पेंगतो. तपासण्या करून घेऊ. पण ह्याचे टॉन्सिल बहुधा काढावे लागतील."

मायलेक गेल्यावर शिष्येने विचारले, "सर, इराला एवढा ताप येऊनही आपण थांबलात. आणि याला तर तापही नाही."

"थांबलो, म्हणजे स्वस्थ बसलो नव्हतो," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक तापात तिला पाहत होतो. त्रास वाढला असता तर तिचेही काढायला सांगितले असते. तू माझा निर्णय लक्षात ठेवलास. तो कोणासाठी होता, हे विसरलीस."

शस्त्रक्रियेनंतर हर्षल शांत झोपू लागला. त्याच सुमारास एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. "टॉन्सिल काढायचे की नाही, एवढंच सांगा," ते म्हणाले.

"सांगते," शिष्या म्हणाली आणि मुलाकडे वळली. "आधी तू सांग बाळा, तुला काय काय होतं?"